फोडलेला हिरडा

१९७४ सालच्या एप्रिल महिन्यात राजूरच्या बाजारपेठेमागची हिरडा फोडण्याची शेड बंद झाली. शेड ज्या व्यापाऱ्याची होती त्याला गावात उस्मानशेठ म्हणत. तिथे वीसेक बाया काम करत होत्या, सगळ्या भंडारदऱ्याच्या पाण्याकाठच्या वाड्यांमधल्या. शेड बंद पडावी असं गावात कुणी काही केलं नव्हतं. जे झालं ते समुद्रापलीकडच्या एका बंदरात, जकातीच्या कचेरीत झालं.

यंदाच्या पौषात नगरच्या बाजारातून जाताना काष्ठौषधीच्या दुकानासमोर नवा हिरडा आलेला दिसला. पोत्याचं तोंड उघडं होतं, कडा बाहेर दुमडलेल्या. पिवळट तपकिरी, अंगावर उभ्या धारा असलेला, वाळून टणक झालेला हिरडा. किती देऊ, असं दुकानदाराने विचारलं. मी एक उचलला, नखाने खरवडला आणि हुंगला. सुकल्या गवताचा वास होता, आणि त्यात थोडा शाईचा. शाईचा वास नुसत्या हिरड्याला नसतो. ओल्या हिरड्याला लोखंड लागलं की तो काळा पडतो आणि मग तसा वास येतो. माझ्या नाकात मात्र हे दोन वास त्या एका हंगामापासून एकत्रच राहिले आहेत.

तेव्हा मी नगरच्या एका दैनिकात होतो. जिल्ह्यातल्या बाजारांचे भाव गोळा करून रोज एक रकाना भरणं हे माझं काम होतं. कर्जतकडून ज्वारी आणि करडई, नगरच्या आडतीतून गूळ, राजूरकडून तांदूळ आणि हिरडा. हिरड्याचा भाव वाचणारा वाचक मला नगरमध्ये कधी भेटला नाही. तरी तो छापला जाई. अकोले तालुक्याच्या डोंगरातला हिरडा मुंबईला जातो, तिथून जहाजाने युरोपात, आणि तिथे कातडी कमावायला लागतो, एवढं मला माहीत होतं. अमुक झाडाचं फळ अमुक देशातल्या बुटाच्या चामड्यात मुरतं, ही गोष्ट तेव्हा नवलाची वाटायची. पुढे तिचं नवल राहिलं नाही.

शेड पहिल्यांदा पाहिली ती त्याच वर्षी, जानेवारीत. पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंनी कुडाच्या भिंती, चौथी बाजू मोकळी. आत शिरण्याआधी लक्ष गेलं ते बाहेरच्या खुंट्यांकडे. भिंतीवर लाकडी खुंट्यांची रांग होती आणि प्रत्येक खुंटीला एक कोयता अडकवलेला होता. डोंगरातली बाई घरून निघते तेव्हा कमरेला कोयता असतोच; वाटेत सरपण दिसलं तर तोडायला, कधी नुसता सोबतीला. शेडमध्ये लोखंड न्यायला मनाई होती. लोखंड लागलेली साल काळी पडते आणि काळा माल निर्यातीत चालत नाही. म्हणून कोयते बाहेर राहत. आज किती बाया कामाला आल्या, हे उस्मानशेठ आत न डोकावता खुंट्यांवरून सांगत.

आत दगडी पाट मांडलेले होते आणि प्रत्येकीच्या हातात लाकडी मोगरी होती, धुणं बडवायची असते तशी, पण आखूड. हिरडा पाटावर उभा धरायचा आणि मोगरीचा एक ठोका द्यायचा. ठोका कमी पडला तर साल सुटत नाही. जास्त बसला तर आतली बी फुटते, तिचा चुरा सालीत मिसळतो आणि माल बिघडतो. बरोबर बसला तर साल चार-पाच फाकांत उलगडते आणि बी अख्खी बाजूला पडते. वीस मोगऱ्यांचा आवाज एका लयीत नसतो. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तो सुटा सुटा येई आणि बाजारात भांडीवाल्यापर्यंत ऐकू जाई.

या बायांवर देखरेख हौसाबाईंची होती. चाळिशीच्या आसपासच्या, काटक, बोलताना समोरच्याकडे न बघता हातातल्या कामाकडे बघणाऱ्या.

"पेपरवाले का तुमी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पेपरात कोनाचं नाव येतं, आमचं का हिरड्याचं?"

"हिरड्याचं. भाव येतो."

"म्हंजी हिरडा आमच्यापरीस मोठा." बाजूच्या दोघी हसल्या. हौसाबाईंची मोगरी थांबली नाही.

ठोका इतका नेमका कसा बसतो, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "दोन वर्सं दुष्काळात सरकारची खडी फोडली. खडी फोडणाराला हिरडा काय जड हाय? खडी हातावर उडती, हा उडत न्हाई." मग त्यांनी सालीची एक फाक माझ्या हातावर ठेवली. "गालात धरा. चावू नका. आन वरून पानी प्या."

तोंड आवळून आलं, जीभ टाळूला चिकटली. मडक्यातलं पाणी प्यायलो तर ते गोड लागलं. सगळ्या बाया दिवसभर गालात फाक धरून असत. तहान कमी लागते, असं त्या सांगत. भूकही कमी लागते, हे एकीने सांगितलं आणि लगेच दुसरीने तिला डोळ्यांनी गप्प केलं.

हिरडा फोडून विकायची कल्पना उस्मानशेठची. तोवर राजूरचा हिरडा अख्खाच जायचा. आजोबांपासून त्यांच्या घरात तीच पद्धत होती. दोन वर्षांपूर्वी ते बहिणीकडे लग्नाला वेंगुर्ल्याला गेले. मेहुणा काजूच्या कारखान्यात मुकादम होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याने कारखाना दाखवला. रांगेत बसून काजू फोडणाऱ्या बाया, राख लावलेले हात, वेगवेगळ्या मापांचे पांढरे गर, पत्र्याचे सीलबंद डबे. मेहुण्याने सांगितलं की कच्चा काजू आफ्रिकेतूनसुद्धा येतो, आपल्याकडे फुटतो आणि गर अमेरिकेला जातो. तिथे गरावर जकात नाही. बी विकणाऱ्याला थोडं मिळतं, गर विकणाऱ्याला जास्त.

"मी म्हटलं, दुसऱ्या मुलखातला काजू बोटीतनं आणून हे लोक फोडतात आन परत बोटीत घालतात," शेडसमोर खाटेवर बसून उस्मानशेठ सांगत होते. "आपला हिरडा तर दारात पडतो. तो अख्खा पाठवायचा म्हणजे निम्मं वजन बीचं. बीचं भाडं आपण भरायचं, जहाजात जागा बीनं खायची, आणि तिकडं गेल्यावर ते बी फेकून देणार. त्यापेक्षा इथंच फोडला तर?"

"मुंबईवाले काय म्हणाले?"

"खूश झाले. पहिला माल पाठवा म्हणाले. तिकडच्या कारखान्याला नमुना पसंत पडलाय." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "शिवाय बायांना काम. आमच्या अब्बांच्या वेळेपासून या वाड्यांचा हिरडा आम्ही घेतो. पौषात माल घालून जातात, ते मिरगालाच परत दिसतात. औंदा दिसतायत."

डोंगरातल्या वाड्यांत एक शब्द आहे, जगायला जाणं. भात झोडून झालं, घरातलं धान्य किती महिने पुरेल याचा अंदाज आला की माणसं खाली उतरतात. जुन्नर, ओतूर, आळेफाट्याकडे, बागायतदारांच्या शेतावर. तिथे बांधावर पाल ठोकून राहतात आणि पाऊस तोंडावर आला की परत येतात. कुठे गेले, असं विचारलं तर मागे राहिलेलं म्हातारं माणूस सांगतं, जगायला गेले. घराला कुलूप नसतं. करवंदीची काटेरी फांदी तोडून दाराला आडवी लावतात. ती गुरांसाठी असते आणि माणसांना सांगण्यासाठीही. त्या हिवाळ्यात हौसाबाईंच्या वाडीत एकाही दाराला फांदी नव्हती. मी चालत गेलो होतो, तेव्हा पाहिलं.

हौसाबाईंना ते वर्ष घरी राहणं का हवं होतं, हे तिथे कळलं. त्यांची मुलगी येसू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दिवस वैशाखात भरणार होते. येसू दारात बसून तांदूळ निवडत होती. मी आल्याचं पाहून पदर सारखा केला आणि आईला हाक मारली. हौसाबाईंनी चहा टाकला. दूध नव्हतं, गूळ होता.

"हिच्या आधीचा एक पोरगा हुता मला," चुलीकडे बघत त्या म्हणाल्या. "ओतूरच्या रानात झाला, पालात. उन्हाची झळ, वारा. चार दिस ऱ्हायला. ही घरात झाली, पावसाळ्यात. ही जगली." मग चहा गाळला. "हिचं घरात व्हावं. एवढंच हाय बगा. आदी फोडायचं, मंग बाळहिरड्याचं, शेडीचं काम वैशाखापतुर चालंल म्हनले शेठ. त्येवढं चाललं की झालं."

त्या घरात दोन झाडं होती. म्हणजे डोंगरात दोन हिरडे असे होते की ज्यांचं फळ याच घराने उतरवायचं, हे वाडीला पिढ्यान्‌पिढ्या मान्य होतं. त्यातल्या एकाचा माल येसूच्या लग्नात तिला दिला होता. झाड जागेवरच, पण दर पौषात त्याचं फळ तिचं. सासर दोन डोंगर पलीकडे होतं. तिचा नवरा येऊन पोतं घेऊन जाई. यंदा त्याने ते नेलं नव्हतं. शेडमध्येच घातलं होतं, हौसाबाईंनी स्वतःच्या हाताने फोडलं होतं.

फोडलेल्या हिरड्याचा पहिला ट्रक जानेवारीच्या मध्याला घोटीमार्गे मुंबईला गेला. ट्रकवर ताडपत्री बांधताना बाया कामं सोडून बाहेर आल्या. एकीने पोत्याला हळदीकुंकू लावलं. क्लीनरने तिला विचारलं, नवरी कुठं चालली? ती म्हणाली, इलायतंला, पर तुमी मुंबैपतुरच जा, म्होरं वऱ्हाड दुसरं हाय.

जहाज कधी सुटलं, त्याची तारीख मला मिळाली नाही. सुएझ कालवा तेव्हा बंद होता. सदुसष्टच्या युद्धापासून मुंबईहून युरोपला जाणारा माल आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून जात असे. त्यात आदल्या दिवाळीच्या सुमारास तेल भडकलं होतं आणि जहाजांचं वेळापत्रक कुणाच्या हातात राहिलं नव्हतं. म्हणजे राजूरहून निघालेला माल पसंत पडला की नाही, हे राजूरला कळायला हंगाम संपत यावा लागणार होता. आज मागे पाहताना सगळ्या प्रकरणाचं मर्म मला या वळशात दिसतं. तेव्हा दिसलं नव्हतं आणि दिसून उपयोगही नव्हता. हिरडा जहाजाची वाट पाहत थांबत नाही. तो पौषात वाळतो, तिथून फाल्गुनापर्यंत फोडावा लागतो. पुढे ऊन चढलं की साल ठिसूळ होते आणि ठोक्यासरशी तिची पूड होते. शेडने फोडत राहणंच योग्य होतं. रोज पोती भरत होती, शिवली जात होती, मागच्या भिंतीला थप्पी चढत होती. शेडच्या पाठीमागे बियांचा ढीग वाढत होता. बाया जाताना त्यातल्या ओंजळभर चुलीसाठी नेत. ढीग कमी होत नव्हता.

नगरला मी दर आठवड्याला भाव छापत होतो. हिरडा, अख्खा: अमुक. हिरडा, फोड: अमुक. फोडीचा भाव वरचा होता. तो उस्मानशेठचा माल परदेशी पाठवणाऱ्या मुंबईच्या पेढीने सांगितलेला भाव होता. त्या भावाने राजूरबाहेर अजून एकही व्यवहार पुरा झालेला नव्हता. रकान्यात तसं लिहिण्याची पद्धत नव्हती.

एप्रिलमधल्या एका बाजारच्या दिवशी मी राजूरला होतो, पाण्याच्या टँकरची बातमी घ्यायला. दुपारी पोस्टाच्या शिपायाने उस्मानशेठना हाक मारली, मुंबईचा ट्रंककॉल. पोस्ट बाजारातच होतं आणि फोनवर ओरडल्याशिवाय पलीकडे ऐकू जात नसे, त्यामुळे अर्धा बाजार तो फोन ऐकत असे. एका बाजूचं बोलणं माझ्या कानांवर पडलं ते असं.

"बोला शेठ. जरा मोठ्यानं. पाण्यातनं बोलल्यागत येतंय."

"उतरला ना माल? मग?"

"कसली जकात? हिरड्याला जकात न्हाई म्हणाला होतात."

"तयार माल? अहो, तो हिरडाच हाय. बी काढलीय फक्त."

"अख्खा चालतो? म्हणजे अख्खा असता तर सुटला असता?"

"आता अख्खा कुठून आणू? सगळा फोडून झालाय शेठ. सगळा."

लाइन तुटली. रिसीव्हर कानाला तसाच लावून उस्मानशेठ उभे होते. पोस्टमास्तरने तो हळूच त्यांच्या हातातून काढून जागेवर ठेवला.

पायरीवर हौसाबाई उभ्या होत्या. मीठ घ्यायला बाजारात आल्या होत्या. मागे शेडमधल्या तिघी-चौघी.

"काय म्हनले?"

"अख्खा पाहिजे म्हणतात."

"कोन?"

"तिकडचे."

हौसाबाईंनी हातातली मिठाची पुडी दुसऱ्या हातात घेतली. त्यांच्या बोटांच्या पेरांवर हिरड्याचा पिवळा-काळा डाग होता. तो धुऊन जात नसे. "मंग आधी सांगायचं न्हाई?"

"त्यांनाबी आधी माहीत नव्हतं."

"बी परत बसवता येत न्हाई, शेठ."

"येत नाही."

मागून एक बाई म्हणाली, "बसवू की. सुईदोरा आना." मग एक हसली आणि तिच्यामागे सगळ्या हसल्या. उस्मानशेठसुद्धा. मीठवाल्याने पुढच्या गिऱ्हाइकाला पुकारलं.

नेमकं काय झालं होतं, ते मी पुढचे तीन आठवडे शोधत होतो. मुंबईच्या पेढीतल्या कारकुनाने सांगितलं की त्या बंदरातल्या जकात अधिकाऱ्याने अख्खा हिरडा कच्चा माल धरला आणि फोडलेला तयार माल. कच्च्या मालाला वाट मोकळी, तयार मालाला जकात. ती भरून तिकडच्या गिऱ्हाइकाला माल परवडत नव्हता, म्हणून त्याने पुढचा नको म्हणून कळवलं. मुंबईतल्या दुसऱ्या एका दलालाचं म्हणणं, ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात गेल्यापासून तिकडच्या जुन्या सवलती एकेक करून मोडत आहेत, हा त्यातलाच प्रकार. तिसऱ्याने सांगितलं की तिकडे हिरडा भरडणाऱ्या गिरण्या आहेत आणि त्यांना काम हवं म्हणून फोडलेला माल अडवतात. तिघांपैकी कोण बरोबर होतं, हे मी तेव्हा ठरवू शकलो नाही. आजही त्या तरतुदीचं कलम मला दाखवता येणार नाही.

काजूचं गणित मात्र पुढे वाचनात आलं, तेव्हा थोडं समजलं. अमेरिकेत काजू पिकत नाही आणि काजू फोडायला कुणी बसतही नाही, म्हणून गर सुखाने आत जातो. जिथे ते काम करणारं कुणी असतं, तिथे दार वेगळं असतं. कच्चं आणा, हवं तेवढं आणा. हात लावून आणू नका. आणखी एक फरक उस्मानशेठच्या ध्यानात वेंगुर्ल्याला आला नव्हता, आणि तो कुणी त्यांना सांगितलाही नव्हता. काजूत आतलं ठेवून बाहेरचं टाकतात, हिरड्यात बाहेरचं ठेवून आतलं. काजूचा गर सोलल्यावरही ओळखू येतो, मोजून डब्यात बंद होतो. हिरड्याची फोड म्हणजे नुसते तुकडे.

हा दुसरा फरक मला भिंगारमध्ये कळला. थैलीभर फोड नमुन्याला घेऊन मी तिथल्या एका कातडी कमावणाऱ्याकडे गेलो होतो. त्याने फाक दातांखाली धरून पाहिली. "माल चांगलाय. पण मी बाभळीची साल वापरतो. घेतलं तर एक पोतं घेईन." नगरच्या काष्ठौषधीवाल्याने थैलीत हातसुद्धा घातला नाही. "अख्ख्याला कीड लागली तर भोक दिसतं. हे काय आहे ते मी गिऱ्हाइकाला कसं पटवू?" कलेक्टर कचेरीत एका साहेबांनी बसवून घेतलं, सगळं ऐकलं, चहा दिला. मग म्हणाले की परदेशी व्यापार हा केंद्राचा विषय आणि तिकडची जकात तर केंद्राचाही नव्हे. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. आमच्या दैनिकात चार ओळींची बातमी आली, साखर कारखान्याच्या सभेखाली. त्या आठवड्यापासून रकान्यात "हिरडा, फोड: व्यवहार नाही" असं छापलं जाऊ लागलं. काही आठवड्यांनी ती ओळ काढली.

चैत्र-वैशाखात डोंगरात बाळहिरडा पडतो, कोवळा, वाळून काळा होणारा. त्यावर वाड्यांचे पुढचे दिवस निघाले असते. पण मुंबईच्या पेढीने आगाऊ पैशांची उचल थांबवली होती, आणि उचलीशिवाय उस्मानशेठ खरेदी करू शकत नव्हते. बाया भरलेल्या टोपल्या घेऊन बाजारात आल्या आणि टोपल्या घेऊन परत गेल्या.

हौसाबाई निघाल्या त्या दिवशी मी राजूरच्या एसटी स्टँडवर होतो, नगरची गाडी पकडायला. त्यांच्यासोबत येसू होती, हौसाबाईंचे मालक, वाडीतली आणखी दोन घरं. डोक्यावर गोधड्यांची बोचकी, एका टोपलीत कोंबडी, बांबू आणि पालाचं फाटकं कापड. हौसाबाईंच्या बोचक्यातून मोगरीची मूठ बाहेर आली होती. शेडमधलीच मोगरी.

"ही कशाला?" मी विचारलं.

"पालाच्या खुट्या ठोकाया."

येसू शेंगदाणेवाल्याच्या गाड्याच्या सावलीत बसली होती, पाय लांब करून. तिचं तोंड उतरलं होतं. "आये, ऱ्हाऊ की घरीच," ती म्हणाली. पहिल्यांदाच म्हणत नसावी.

"आन खायाचं काय? बिया?"

येसूने मान वळवली. हौसाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून माझ्याशी बोलल्या. "डागदर असतो म्हनं आळेफाट्याला. हितं काय हाय?" मी हो म्हणालो. आळेफाट्याला कांद्याच्या शेतापासून दवाखाना किती लांब असेल, ते मला माहीत नव्हतं आणि त्यांनाही नव्हतं.

गाडी लागली तेवढ्यात उस्मानशेठ आले. शेड बंद झाल्यापासून त्यांनी दाढी केली नव्हती. येसूच्या हातात त्यांनी एक पुडी दिली. खारका होत्या, बाळंतिणीसाठी. मग हौसाबाईंना म्हणाले, "पुढल्या पौषात परत या. काहीतरी करू."

"येऊ की," हौसाबाई म्हणाल्या. "पर फोडायचा का अख्खा ठिवायचा, त्ये आधी इचारून ठिवा."

"इचारतो."

"नीट इचारा शेठ. मोठ्यानं."

कंडक्टरने बोचकी टपावर चढवायला सांगितली. कोंबडीचं तिकीट लागेल का, यावर थोडी हुज्जत झाली. कंडक्टर म्हणाला, कोंबडी मांडीवर घेतली तर फुकट, शेजारी बसवली तर पूर्ण. ती येसूच्या मांडीवर गेली. गाडी संगमनेरच्या बाजूला निघाली. उस्मानशेठ स्टँडवरून शेडकडे गेले नाहीत, मशिदीकडे गेले.

जूनमध्ये अकोल्याच्या डोंगरात पाऊस लागतो तो थांबत नाही. फोडलेली साल दमट हवा ओढून घेते. अख्ख्या हिरड्याला कवच असतं, फोडीला ते उरलेलं नसतं. पत्र्याखालची थप्पी आधी गरम झाली, मग तिला पांढरी बुरशी आली. पोती उलटीपालटी करून पाहिली, आत शेगडी ठेवून पाहिली. आषाढात उस्मानशेठनी माणसं लावून ती ओढ्यात रिकामी केली. शेडच्या छपराच्या लोखंडी अँगलवरून गळलेलं पाणी पोत्यांवर पडलं होतं, त्यामुळे पुष्कळसा माल शाईसारखा झालेला होता. ओढा खाली जाऊन प्रवरेला मिळतो. त्याचं पाणी काही दिवस काळं होतं, असं धुणं धुणाऱ्या बायांनी मला सांगितलं. मी गेलो तेव्हा ते गढूळ होतं, पावसाळ्यात असतं तेवढंच.

काष्ठौषधीच्या दुकानातून मी यंदा पावशेर हिरडा घेतला. एक फोडून पाहावा म्हणून बत्ता काढला आणि मग लक्षात आलं, तो लोखंडी आहे. फोडायचा राहिला. आता अडकित्ते मिळतात, यंत्रं मिळतात, हिरड्याची तयार पूड डबीत मिळते. डबीवर सुंदर झाडाचं चित्र असतं. एक फाक तोंडात धरायची तर सालीसाठी कुणीतरी हिरड्याला ठोका द्यायला हवा. दात आता माझे तसे नाहीत. अख्खा हिरडा गालात धरून पाणी प्यायलो. पाणी थोडं गोड लागलं.

त्या वर्षीच्या डिसेंबरात मी पुन्हा राजूरला गेलो. शेड उघडी होती. आत अख्ख्या हिरड्याची पोती होती आणि दोन हमाल ती मापत होते. लोखंडी काटा शेडच्या आतच टांगलेला होता. बाहेरच्या खुंट्या रिकाम्या होत्या. उस्मानशेठनी चहा मागवला. "इचारलं," ते म्हणाले. "अख्खाच पाठवा म्हणतात." काजूचा विषय त्यांनी काढला नाही.

दुपारी वाडीवर गेलो. बहुतेक दारं बंद होती. हौसाबाईंच्या शेजारी राहणारे धोंडूबाबा उन्हात बसून दोरी वळत होते. त्यांनी मला ओळखलं.

"हौसाबाई?"

"गेली जगाया. भात झोडलं आन गेली."

"येसू?"

"येसूला पोर झाली. तिकडंच. पालात." त्यांनी दोरीचा पीळ मांडीवर ठेवला. "डागदर लांब हुता. हौसाच हुती."

"पोर?"

"हाय. काळी हाय, बाळहिरड्यागत. आमी हिरडीच म्हनतो. मिरगाला आनली हुती हितं, चांगली लुकलुक बगायची." ते पुन्हा दोरी वळू लागले. "आता संगट न्हेली. जावई बी गेला औंदा. येसूच्या झाडाचा हिरडा घातला बाजारात, अख्खाच, आन तसंच खाली उतरले."

"कधी?"

"झालं की चार दिस."

हौसाबाईंच्या घरापाशी गेलो. दाराला करवंदीची फांदी आडवी लावलेली होती. तिची पानं अजून हिरवी होती.